बांगड्या गहाण ठेवण्याआधी

प्रश्न: सिस्टरबाई, मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. 2018 साली खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हापासून मिळेल ती गाडी चालवतो. गेल्या पावसात माझ्या 74 वर्षांच्या सासूबाई न्हाणीच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. खासगी हॉस्पिटलात काउंटरवर 40 हजार डिपॉझिट मागितलं. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं, दीनदयाळचं, कार्ड घरी होतं, पण त्याचं नूतनीकरण राहून गेलं होतं. हातातल्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या. आता शेजारीण म्हणते, सत्तरीवरच्यांना पाच लाखांपर्यंत उपचार फुकट असतात. माझे पैसे परत मिळतील का? त्यात आता नवऱ्याच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघालाय. स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, घालावी लागेल म्हणतात. काय करू?

उत्तर: बाय, आधी कडू ते सांगते. ते पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही. या योजनांत सरकार पैसे हॉस्पिटलला देतं, घरच्यांच्या हातात नाही. कार्ड दाखवायचं, मंजुरी घ्यायची, मग उपचार, असा क्रम. आधी बिल भरून मागाहून पावत्या जोडायची सोय त्यात नाही. केंद्राच्या योजनेचं चालू असलेलं आयुष्मान कार्ड दाखवूनही कुणी पैसे घेतले असते तर 14555 वर तक्रार करायला मीच तुला लावलं असतं. पण तुझ्याकडचं कार्ड दीनदयाळचं होतं, आणि तेही संपलेलं. तुला आशेला लावून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावणं माझ्याच्यानं होणार नाही.

शेजारणीचं म्हणणं मात्र खरं आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, वय आधारवरून धरतात. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दाखल होऊनचे उपचार त्यात येतात, आणि जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. सासूबाईंचं कार्ड याच आठवड्यात काढून घे. एक खुबा मोडलेल्या बाईचं हाड ठिसूळ झालेलं असतं, दुसरा मोडायला वेळ लागत नाही. मोतीबिंदूही असेलच, ते ऑपरेशनसुद्धा यात होतं.

आता नवऱ्याचं. दोन योजनांची लोक नेहमी गल्लत करतात. आयुष्मान भारत ही 2018 ची केंद्राची योजना. सत्तरीखालच्यांसाठी तिचा पाया 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली यादी. गरिबी असली तरी त्या यादीत नाव असेलच असं नाही, ते तपासून घ्यावं लागतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही आपल्या गोव्याची, 2016 ची. तिला उत्पन्नाची अट नाही, गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाख. या कार्डाचं दर वर्षी थोडी फी भरून नूतनीकरण करावं लागतं, आणि नेमकं तिथंच घरं फसतात. दोन-तीनशे रुपयांची पावती राहून जाते आणि बांगड्या जातात. तेव्हा आधी ते कार्ड चालू करून घे.

आणि चालू केलंस की नावं वाच. एकेक अक्षर वाच. 31 वर्षं मी वॉर्डात काढली, शेकडो पेशंटांच्या नातेवाइकांना हे सांगितलं, आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं कार्ड उघडून पाहायचं राहिलं. आमचं आडनाव गावकर. इंग्रजीत रेशनकार्डावर ते ‘एओ’नं लिहिलेलं, आधारवर ‘एयू’नं. एका शुक्रवारी संध्याकाळी त्याला ऑपरेशनसाठी दाखल केलं, आणि काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली: नाव जुळत नाही. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. भाऊ दोन दिवस सलाइन लावून पडून होता आणि मी एका अक्षरासाठी फोन करत बसले होते. ते दोन दिवस मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, आधार, रेशनकार्ड आणि योजनेचं कार्ड तिन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि बोट ठेवून ताडून बघ. जन्मसालही बघ.

स्टेंटचं म्हणशील तर मी बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, गोमेकॉतच, जा म्हणेन. तिथं हृदयरोग विभाग आहे, रांग लांब असते, पण पहाटेच्या बसनं निघालीस तर दुपारपर्यंत डॉक्टर भेटतात. खासगीत जायचंच ठरलं तर ‘तुम्ही योजनेत आहात का?’ एवढं विचारून थांबू नकोस. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. ‘या कार्डावर अँजिओप्लास्टी होते का, मंजुरी आली का?’ असं विचार (अँजिओप्लास्टी म्हणजे अडलेली नळी उघडून स्टेंट घालणं), आणि दाखल होण्याआधी विचार. आयुष्मानवर असाल तर तिथं आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, मंजुरीचे कागद तोच पाठवतो. वरचा, भारी स्टेंट घाला आणि फरक भरा असं कुणी म्हणालं तर ते कागदावर लिहून माग. स्टेंटच्या किमतीला सरकारनं 2017 पासून कमाल मर्यादा घातलेली आहे.

गोळ्यांची तजवीज आधीच कर. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतर 15 दिवसांची औषधं धरलेली असतात, पण स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कितीतरी महिने चालतात आणि त्या डॉक्टरनं सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नसतात. गाडी चालवणारी माणसं डबा नेतात, गोळी विसरतात. डब्याच्या झाकणालाच गोळ्यांची पट्टी चिकटव.

तारीख मिळायच्या आत मधेच छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला, तर कार्ड शोधत बसू नकोस. 108 ला फोन कर आणि त्याला चालवू नकोस, अंगणापर्यंतही नाही. कार्ड मागाहून मुलाबरोबर पाठव.

सासूबाई वॉकर धरून चालत असतील. त्याच्या चार पायांची रबरी टोपणं उलटी करून बघ. आपल्याकडच्या लाद्यांवर आणि पावसाळी शेवाळावर ती लवकर गुळगुळीत होतात, आणि मेडिकलच्या दुकानात नवी स्वस्तात मिळतात.