वाचकांचे प्रश्न : १८९८चं स्पेन–अमेरिका युद्ध

प्रश्न : ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्पेनने सुरुंग लावून उडवली आणि म्हणून युद्ध पेटलं, असं वाचलं आहे. ते खरं आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्पेनने ती उडवली, याचा पुरावा आजवर एकाही चौकशीत मिळालेला नाही. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती. १५ फेब्रुवारी १८९८च्या रात्री तिथल्या हवाना बंदरात नांगरलेल्या ‘मेन’च्या पुढच्या भागात स्फोट झाला. खलाशांची झोपायची जागा तिथेच होती, त्यामुळे २६०हून अधिक माणसं गेली. अधिकाऱ्यांच्या खोल्या मागे असल्याने त्यांच्यातले बहुतेक वाचले.

मार्चमध्ये अमेरिकी आरमाराच्या चौकशी मंडळाने अहवाल दिला. तळाचा कणा खालून वर वाकलेला आहे, तेव्हा बाहेर पाणसुरुंग फुटला असावा, असं त्यात म्हटलं होतं. सुरुंग कोणाचा, हे मंडळाने सांगितलं नाही. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. १९११मध्ये जहाजाभोवती बांध घालून, पाणी उपसून सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हाही मत बाहेरच्या स्फोटाच्याच बाजूने पडलं.

१९७६मध्ये अमेरिकी आरमाराचे ॲडमिरल रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून जुनी छायाचित्रं आणि आराखडे तपासून घेतले आणि निष्कर्ष उलटला. त्यांच्या मते गुन्हेगार कोळसा होता. बिट्युमिनस जातीचा कोळसा हवेतला ऑक्सिजन घेत आपोआप तापतो. ढीग मोठा आणि कोठी बंद असली की उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ज्वाळा न दिसता तो आत धुमसत राहतो. ‘मेन’वर अशी एक कोठी सहा इंची तोफांच्या दारूच्या कोठाराला लागून होती, मध्ये फक्त पोलादी पत्र्याची भिंत. ती पुरेशी तापली तर पलीकडची दारू पेटायला ठिणगीही लागत नाही. काही अभ्यासक अजूनही सुरुंगाची शक्यता मोडीत काढत नाहीत. पण युद्ध टाळायला धडपडणाऱ्या माद्रिद सरकारला त्यातून काय मिळणार होतं, याचं पटणारं उत्तर त्यांच्याकडेही नाही.

प्रश्न : मग खरं कारण साखरेचा व्यापार म्हणायचं का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : साखर महत्त्वाची आहे, पण तिची जागा नीट ओळखायला हवी. अमेरिकेने १८९०मध्ये कच्च्या साखरेवरचं आयातशुल्क काढलं आणि क्युबातलं उत्पादन वाढत सुमारे १० लाख टनांवर गेलं. १८९४मध्ये अमेरिकेने ४० टक्के शुल्क पुन्हा बसवलं. मळे बसले, मजूर रिकामे झाले आणि फेब्रुवारी १८९५मध्ये स्पेनविरुद्ध उठाव झाला. स्वातंत्र्याची मागणी मात्र त्याहून जुनी. १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षं क्युबन लोक स्पेनशी लढलेच होते. बंडखोरांनी ऊस जाळला, गिरण्या बंद पडल्या आणि १८९६चं उत्पादन सव्वादोन लाख टनांवर आलं.

स्पेनचा सेनापती वेलर याने खेड्यांतल्या लोकांना तटबंदीच्या गावांत कोंडलं. शेती बंद, धान्य नाही, त्यात साथीचे रोग. किमान एक लाख माणसं मेली असावीत. वर्तमानपत्रांनी अतिरंजन केलं, हे खरंच. पण या छावण्या त्यांच्या कल्पनेतल्या नव्हत्या, आणि सामान्य अमेरिकी माणसाचा संताप खोटा नव्हता. तो संताप पुढे कोणी कशासाठी वापरला, हा वेगळा मुद्दा.

प्रश्न : क्युबासाठीचं युद्ध फिलिपिन्समध्ये कसं गेलं? – एक वाचक, पणजी

उत्तर : फिलिपिन्सही स्पेनचीच वसाहत होती आणि पहिली मोठी लढाई तिथेच झाली. स्पेनच्या पॅसिफिकमधल्या ताफ्यावर हल्ला करण्याची योजना अमेरिकी आरमाराकडे आधीपासून होती. फेब्रुवारीतच आशियातल्या अमेरिकी ताफ्याचा प्रमुख ड्यूई याला हाँगकाँगमध्ये जहाजं जमवून कोळसा भरून ठेवण्याची तार गेली. तटस्थ बंदरं युद्ध सुरू होताच बंद होणार म्हणून त्याने कोळशाने भरलेलं एक जहाजच विकत घेतलं. १ मे रोजी मनिलाच्या उपसागरात काही तासांत स्पेनचा जुनाट ताफा बुडाला.

शहर घेण्याइतके सैनिक मात्र ड्यूईकडे नव्हते. मनिलाला जमिनीवरून वेढा घातला तो स्वातंत्र्यासाठी लढणारा नेता आगिनाल्दो याच्या फिलिपिनो सैन्याने, आणि १२ जूनला स्वातंत्र्यही जाहीर केलं. १३ ऑगस्टला अमेरिकी आणि स्पॅनिश सेनापतींनी आधी संगनमत करून लुटुपुटूची लढाई केली. फिलिपिनो सैन्याला शहरात येऊ द्यायचं नाही, हीच अट होती. डिसेंबरच्या पॅरिस तहात २ कोटी डॉलर देऊन अमेरिकेने बेटं घेतली. फिलिपिनो प्रतिनिधी आगोन्सिल्यो पॅरिसला पोहोचला होता, त्याला चर्चेत बसू दिलं नाही. ४ फेब्रुवारी १८९९ला अमेरिका आणि फिलिपिनो यांच्यात दुसरं युद्ध सुरू झालं आणि त्यात लढाई, उपासमार, कॉलरा धरून किमान दोन लाख नागरिक गेले. १८९८च्या ‘छोट्या’ युद्धाचा हिशेब या आकड्याशिवाय मांडणं अप्रामाणिक आहे.

प्रश्न : क्युबा तरी स्वतंत्र झाला ना? मग ग्वांतानामोत अमेरिकेचा तळ कसा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : एप्रिल १८९८च्या अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) ठरावातल्या टेलर दुरुस्तीने अमेरिका क्युबावर सत्ता गाजवणार नाही, असं वचन दिलं होतं. त्यात नाव फक्त क्युबाचं होतं. पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स घेताना ते वचन आड आलं नाही.

क्युबासाठी दुसरी वाट काढली गेली. अमेरिकी सैन्य माघारी जायला हवं असेल तर १९०१ची प्लॅट दुरुस्ती तुमच्या राज्यघटनेत घाला, असं क्युबाच्या घटनासभेला सांगण्यात आलं. परदेशी करारांवर आणि कर्जावर मर्यादा, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क आणि आरमारी तळांसाठी जमीन, ही त्यातली मुख्य कलमं. सभेने आधी विरोध केला, शेवटी १६ विरुद्ध ११ मतांनी मान्यता दिली. १९०२मध्ये सैन्य गेलं आणि १९०६मध्ये परत आलं. तळाचा भाडेकरार १९०३चा. प्लॅट दुरुस्ती १९३४मध्ये रद्द झाली, पण त्याच वर्षीच्या नव्या तहाने तळ कायम ठेवला. दोन्ही देशांची संमती असेल किंवा अमेरिकेने स्वतःहून तळ सोडला, तरच तो करार संपतो. क्युबाचं सरकार तळाला बेकायदा मानतं आणि भाड्याचे धनादेश वटवत नाही.