हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना बेडसाइड सोनोग्राफी कशी शिकवावी?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात ६० खाटांचं हॉस्पिटल, एक पोर्टेबल मशीन, आठ डॉक्टर, दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवलं तर पुरेल का?

नाही पुरणार. वर्कशॉपमध्ये प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) धरायला येतो. हात बसतो तो पुढच्या तीन महिन्यांत, आणि तोही काढलेली प्रत्येक क्लिप कुणीतरी जाणत्याने पुन्हा पाहिली तरच. तेव्हा पैसा आणि वेळ त्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा.

आधी कागदपत्रं. मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली येतं. तपासणी फुप्फुसाची असो की पायाच्या शिरेची, नोंदणी लागतेच. मोबाइलला जोडायचा खिशातला प्रोबही यातून सुटत नाही. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरायचं. ते दुसऱ्या नर्सिंग होममध्ये उचलून नेता येत नाही. कोणते डॉक्टर ते वापरणार, त्यांची पात्रता नियमात बसते का आणि नावं नोंदणीत आहेत का, हे समुचित प्राधिकाऱ्यांकडून (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून) लेखी पक्कं करून घ्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची कार्यालयं वेगळी आहेत. तुमच्या आठांपैकी काही आरएमओ (निवासी डॉक्टर) बीएएमएस किंवा बीएचएमएस असतील, तर त्यांच्या हाती प्रोब द्यायचा विचार इथेच थांबवा. रुग्ण गरोदर असेल तर याच कायद्यातला एफ फॉर्म भरल्याशिवाय आणि नोंदणीतल्या पात्र डॉक्टरशिवाय पोटाला प्रोब लावायचा नाही. हे पहिल्याच तासाला सांगा, शेवटच्या स्लाइडवर नको.

आता काय शिकवायचं ते. सगळे इको, फुप्फुस, फास्ट (जखमी रुग्णाच्या पोटात-छातीत पाणी किंवा रक्त आहे का ते बघणं), पायाच्या शिरा, आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी पोटातली मोठी शीर) असं सगळं एकदम घेतात आणि तिथेच फसतात. साधा हिशेब करा. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्रकाराचे २५ ते ५० तपासून घेतलेले स्कॅन सांगितले आहेत. आठ डॉक्टर, यातले चारच प्रकार धरले तरी प्रत्येकी २५ म्हणजे ८०० स्कॅन. तीन महिन्यांत रोजचे नऊ. ६० खाटांत हे होणार नाही. म्हणून पहिल्या तिमाहीत दोनच: फुप्फुस, आणि पोटातलं व छातीतलं पाणी. म्हणजे ४०० स्कॅन, रोजचे चार-पाच. हे जमतं. आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करा. पुण्यात पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढतात, त्यांच्यापैकी काहींच्या छातीत आणि पोटात पाणी साठतं, पित्ताशयाची भिंत जाड होते. शिकणाऱ्याला नॉर्मल चित्रं हवीतच, पण पाणी खरोखर कसं दिसतं ते एकदा तरी स्वतःच्या हाताने सापडायला हवं. पित्ताशयाबद्दल एक काळजी घ्या: रुग्णाने नुकतंच खाल्लं असेल तर ते आकुंचन पावतं आणि भिंत उगाच जाड दिसते.

वर्कशॉपमध्ये एका मशीनमागे चारच जण ठेवा, म्हणजे आठांच्या दोन तुकड्या. सकाळी तासभर थिअरी, बाकी वेळ प्रोब हातात. पहिला अर्धा तास फक्त डेप्थ (किती खोलवर बघायचं), गेन (चित्राचा उजळपणा) आणि मार्कर (प्रोबची कोणती बाजू स्क्रीनवर कुठे, ते सांगणारी खूण). नवशिक्याचं हमखास चुकतं ते इथेच: डेप्थ २० सेंटीमीटरवर ठेवून प्ल्युरा (फुप्फुसावरचं पातळ आवरण) शोधतो, किंवा गेन इतका वाढवतो की पातळ पाणीही राखाडी दिसतं. पोटाच्या प्रीसेटमध्ये (मशीनमधल्या तयार सेटिंगमध्ये) मार्कर स्क्रीनच्या डाव्या बाजूला असतो, कार्डियाकमध्ये (हृदयाच्या) उजव्या. प्रीसेट बदलला आणि लक्षात आलं नाही की डावं-उजवं उलटं होतं.

सुईची तालीम द्यायची असेल तर महागडा फँटम (सरावासाठीचा नकली अवयव) घेऊ नका. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम जिलेटिन. आधी थोड्या गार पाण्यात दहा मिनिटं फुगवा, मग गरम पाण्यात विरघळवा, उकळू नका. वरचा फेस काढा. मिश्रण कोमट होऊन जरा दाटसर झालं की दोन-तीन मोठे चमचे इसबगोल ढवळा. आधीच घातलं तर ते तळाशी बसतं. इसबगोलामुळे चित्र मांसपेशीसारखं दाणेदार येतं, नाहीतर सगळं काळंच दिसतं. निम्मं डब्यात ओतून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या, त्यावर जादूगार वापरतात तसा लांबट फुगा रंगीत पाणी भरून आडवा ठेवा, वर उरलेलं मिश्रण दोन सेंटीमीटर जाडीचं ओता. फुग्यात हवेचा बुडबुडा राहिला तर खाली सावली पडते आणि शीर दिसतच नाही. हे फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. सुईची भोकं राहतात. फुगा काढून पुन्हा वितळवलं की नवं. यावर शिकवायची गोष्ट एकच: स्क्रीनवरचा पांढरा ठिपका सुईचं टोक आहे की दांडा? प्रोब थोडा पुढे सरकवल्यावर ठिपका दिसेनासा झाला तर ते टोक होतं, दिसत राहिला तर टोक पुढे गेलेलं आहे. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत नळी घालण्याच्या) वेळी शिरेची मागची भिंत फुटते ती याच गफलतीने.

फुप्फुसासाठी प्रोब उभा धरून दोन बरगड्यांच्या मध्ये ठेवा. दोन सावल्या आणि त्यांच्यामध्ये, बरगडीच्या साधारण अर्धा सेंटीमीटर खाली, प्ल्युराची चकचकीत रेघ. ती सरकते का ते बघायचं. लंग प्रीसेट नसेल तर चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा, नाहीतर बी-लाइन्स (प्ल्युरापासून खाली जाणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा) पुसल्या जातात. एका फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन्स म्हणजे पॉझिटिव्ह. सगळ्यात धोक्याची चूक: रेघ सरकत नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा), असं ठरवून टाकणं. श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये (श्वासनलिकेच्या उजव्या फांदीत) गेली तर डावं फुप्फुस सरकत नाही. जुन्या टीबीने प्ल्युरा चिकटलेला असेल तरीही नाही, आणि आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ. लंग पॉइंट (सरकणारी आणि न सरकणारी रेघ जिथे भेटते ती जागा) दिसला तर निदान पक्कं, बी-लाइन किंवा लंग पल्स (हृदयाच्या ठोक्याबरोबर रेघेची थरथर) दिसली तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही.

फास्टमध्ये उजवीकडे यकृताचं खालचं टोक दिसेपर्यंत प्रोब सरकवा. थोडं पाणी आधी तिथेच दिसतं. डावीकडे बहुतेकांचा प्रोब फार पुढे असतो. मुठीची पेरं गादीला टेकली पाहिजेत, इतकं मागे आणि वर जायचं, आणि प्लीहा व डायफ्रॅमच्या मधली जागा बघायची. ओटीपोट लघवीची नळी (कॅथेटर) टाकण्याआधी बघा, मूत्राशय भरलेलं असतानाच पाणी नीट कळतं. गोठलेलं रक्त काळं नाही, राखाडी दिसतं. दुचाकीवरून पडलेल्या तरुणाचा पहिला फास्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका, तब्येत बदलली की पुन्हा करा. आतड्याची जखम आणि पोटामागचा रक्तस्राव यात नीट कळत नाही.

रजिस्टरमध्ये प्रत्येक स्कॅनला चारच रकाने: प्रश्न काय होता, उत्तर, क्लिप क्रमांक, नंतर सीटी किंवा एक्स-रेने काय सांगितलं. उत्तर ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘नीट दिसलं नाही’. हा तिसरा पर्याय लिहायला लाज वाटता कामा नये, याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर आहे. घाबरलेला ज्युनियर ‘नाही’ लिहितो आणि पुढचे सगळे त्यावर विसंबतात. स्थिर चित्र नको, पाच-सहा सेकंदांची क्लिप ठेवा, कारण सरकणं फोटोत दिसत नाही. दर आठवड्याला एक तास रेडिओलॉजिस्टबरोबर बसून सगळ्या क्लिप बघायच्या. त्या तासाचं मानधन बजेटमध्ये आधीच धरा, कारण फुकटात महिनाभरही चालत नाही.

स्वच्छता शिकवण्यातच धरा. आधी जेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसायचं, मग प्रोबच्या कंपनीने सांगितलेला वाइप. स्पिरिटने काही प्रोबचा रबरी पृष्ठभाग तडकतो. जखमेजवळ आणि सुईच्या कामाला निर्जंतुक कव्हर आणि निर्जंतुक जेलची पुडी, वॉर्डातली पुन्हा-पुन्हा भरलेली बाटली नाही. आणि केबल ट्रॉलीच्या चाकाखाली जाणार नाही अशी गुंडाळून हुकावर. तुमच्याकडे मशीन एकच आहे, प्रोब दुरुस्तीला गेला की तेवढे दिवस शिकवणं बंद.