क्लबात जाऊ का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की सामाजिक संस्थांबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर निम्म्याहून जास्त पत्रं रोटरी-लायन्स या सेवा करणाऱ्या क्लबांवरच आली, आणि सूर एकच, "हे खरंच काम करतात का नुसते बॅनर लावतात?" मी स्वतः एका तालुक्याच्या गावच्या क्लबात बरीच वर्षं आहे, त्यामुळे थोडी बाजू घेणार आणि थोडे चिमटेही काढणार, आधीच सांगून ठेवते. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी शिवणक्लास चालवते. शेजारच्या वहिनी रोटरीत ये म्हणून मागे लागल्यात. घरचे म्हणतात तो पैसेवाल्यांचा जेवणाचा क्लब, आपलं तिथं काय काम? – एक वाचक, बार्शी

जेवण असतंच हो, खोटं कशाला सांगू. मुळात सुरुवातच तशी झालीय. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीचे लोक जमवले, आज तुझ्या ऑफिसात पुढच्या वेळी माझ्या असं फिरतं भेटायचं ठरलं म्हणून नाव रोटरी, आणि तेव्हा डोक्यात सेवा वगैरे फारसं काही नव्हतं, ओळखी वाढवायच्या आणि त्यातून धंदा वाढवायचा. सेवा मागून आली, आणि पहिलं ठळक काम काय, तर शिकागोत सार्वजनिक संडास बांधून घेणं! मला हे फार आवडतं, कारण आजही क्लबाची चांगली कामं अशीच असतात, फोटोत फार सुंदर न दिसणारी.

बायकांचं म्हणाल तर १९८९ पर्यंत रोटरीच्या जगभरच्या नियमात बायकांना मेंबर करायची सोयच नव्हती. त्याआधी नवरा रोटरियन (म्हणजे रोटरीचा मेंबर) असेल तर बायको इनर व्हील या बायकांच्या वेगळ्या क्लबात, ते १९२४ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालं. आता इनर व्हीलमध्ये यायलाही नवरा रोटरियन असायची अट राहिली नाही, आणि २०२२-२३ ला तर जेनिफर जोन्स जगाच्या रोटरीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे दार उघडंय. पण गावातल्या क्लबात अजूनही बायकांना रांगोळी आणि पाहुण्यांच्या ओवाळणीचं खातं देतात, तिकडे लक्ष ठेवा.

वर्गणी क्लबागणिक वेगळी असते. त्यात वरच्या ऑफिसला जाणारे पैसे (ते डॉलरमध्ये मोजतात, वर्षातून दोनदा), डिस्ट्रिक्टचे (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या गटाचे) पैसे, जेवणाचे पैसे असं सगळं येतं, त्यामुळे "वर्षाचे एकूण किती पडतात, कार्यक्रमांसाठी आणखी वेगळे किती काढतात" हे सरळ तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. आधी दोन-तीन मीटिंगना पाहुणी म्हणून जा. आणि एकच प्रश्न विचारा, की तीन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांनी जे काम सुरू केलं होतं ते आज कुठंय? उत्तर देताना लोक उत्साहाने बोलायला लागले तर बिनधास्त जा, एकमेकांकडे बघायला लागले तर थोडं थांबा.

कारण रोटरीचं सगळ्यात मोठं काम चिकाटीनेच झालंय. पोलिओचं त्यांनी १९८५ ला मनावर घेतलं, आपल्याकडची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची, आणि पोलिओमुक्तीचा दाखला २७ मार्च २०१४ ला. मधल्या काळात कितीतरी अध्यक्ष आले नि गेले, पण रविवारी बूथवर बसून पोरांच्या बोटाला शाई लावणारे बसतच राहिले. (सरकार, आशाताई, अंगणवाडीताई नसत्या तर एकट्या क्लबाच्याने काहीही झालं नसतं, हे आमचे लोक भाषणात विसरतात.)

आम्हा मुलांना रोटरॅक्ट क्लब काढायचाय. पहिला कार्यक्रम शिवजयंतीला रक्तदान शिबिर, जितक्या जास्त बाटल्या तितकं चांगलं, प्रत्येकाला हेल्मेट गिफ्ट. कसं करायचं? – कॉलेजची पोरं, इचलकरंजी

उत्साह बघून बरं वाटलं, रोटरॅक्टला (रोटरीचाच तरुणांचा क्लब) १८ पूर्ण हवं बस्स. पण तारीख बदला.

रक्त काही लोणचं नाही बरणीत भरून वर्षभर ठेवायला. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर ५ दिवस. जयंतीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, १ मेला प्रत्येक चौकात शिबिर, आणि मग मे महिन्याच्या शेवटी कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि रक्तपेढीत कपाट रिकामं. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या पोरांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना तुमची जयंती कळत नाही. वर एकदा रक्त दिलं की पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस परत देता येत नाही, म्हणजे सगळ्या गावाचं एकाच दिवशी काढून घेतलं की पुढचे तीन महिने बोलवायला माणूसच उरत नाही.

तेव्हा आधी रक्तपेढीत जाऊन विचारा की तुम्हाला कधी कमी पडतं, आणि त्या आठवड्यात घ्या. चाळीस बाटल्या मेमध्ये मिळाल्या तर त्या फेब्रुवारीतल्या दोनशेपेक्षा कामाच्या असू शकतात, फोटो छोटा येईल एवढंच. त्याहून भारी म्हणजे रक्तगटवार यादी करून ठेवा, कोणी शेवटचं कधी दिलं त्याच्या तारखेसकट, म्हणजे रात्री फोन आला की धावपळ होत नाही.

हेल्मेट कॅन्सल. पैसे घेऊन रक्त द्यायची पद्धत १९९८ पासून देशात बंद आहे, आणि त्यामागचं कारण साधंय, काहीतरी मिळणार असलं की माणूस आजार लपवतो. चहा, बिस्किट, केळं, सर्टिफिकेट पुष्कळ झालं. बाकी वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, उपाशीपोटी कोणी येऊ नये, आणि वर्षभरात टॅटू काढलेले निघतीलच तुमच्यात, त्यांचं रक्त चालत नाही, त्यांना चहाच्या टेबलावर कामाला बसवा.

मी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. वर्गणी परवडणार नाही, पण वेळ आहे. माझा काही उपयोग? – एक वाचक, चिपळूण

काका, उपयोग? तुमच्यासारखा माणूस क्लबाला वर्गणी देणाऱ्या दहा मेंबरांपेक्षा जास्त हवा असतो, आणि मेंबर न होताही काम करता येतं.

मोतीबिंदू शिबिराचंच घ्या. पूर्वी शाळेत-मांडवात ऑपरेशनं व्हायची, ते आता बंद, जंतुसंसर्गाची भीती. आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशनला पेशंटला हॉस्पिटलात न्यायचं. आणि घोळ सगळा इथंच होतो. तपासणीला येतात शंभर, ऑपरेशन ठरतं तीसचं, आणि ठरलेल्या दिवशी गाडीत बसतात बारा! कोणाला सोबत यायला माणूस नाही, कोणाची शुगर वाढली म्हणून परत पाठवलं आणि परत कोणी विचारलंच नाही, कोणाच्या घरी भात लावणी. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना ड्रॉप घालायचे असतात, तेही आजीला एकटीला जमत नाहीत.

तुम्हाला वाड्या माहीत, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना अर्धंच, हे घरी जाऊन समजावून सांगणारा आणि "बुधवारी सकाळच्या गाडीला मी असतो थांब्यावर" म्हणणारा एक माणूस असला की बाराचे पंचवीस होतात. क्लबाच्या सेक्रेटरीला भेटा आणि म्हणा, मला स्टेजवर नको, मला पेशंटची यादी द्या. नाही दिली तर दुसऱ्या क्लबाकडे जा.

आमच्या जि. प. शाळेला एका क्लबाने दोन वर्षांपूर्वी पाण्याचा फिल्टर दिला. सहा महिन्यांत बंद पडला. फोन केला तर म्हणतात ते मागच्या अध्यक्षांचं काम. – मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

सर, यात माणसं वाईट नसतात, कॅलेंडर वाईट असतं. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, अध्यक्ष दरवर्षी नवा. नव्याला त्याचं नाव लागेल असं नवं काम पाहिजे असतं, जुन्याच्या फिल्टरची काडतुसं (आतल्या गाळण्या) बदलण्यात कोणाचं नाव लागत नाही.

तुमच्या भागात बोअरचं पाणी जड, त्यामुळे मशीन लवकर चोंदणारच. आता दुरुस्तीचं मागणं जुलैत करू नका, मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या वर्षाच्या अध्यक्षांना गाठा, त्यांचं बजेट तेव्हाच आकाराला येत असतं. सोबत पाण्याचा टीडीएस रिपोर्ट (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते), मेकॅनिकचं कोटेशन आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव ठेवा, की वर्षाचा काडतुसांचा खर्च इतका, त्यातला अर्धा ग्रामपंचायत किंवा पालक उचलतील. अर्धा आम्ही म्हटलं की क्लबाचा सूरच बदलतो, हे मी आतून बघितलंय. मोठ्या आंतरराष्ट्रीय ग्रँटची स्वप्नं कोणी दाखवली तर ती किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाला असते, एका फिल्टरसाठी नाही, त्यात अडकू नका.

आणि पुढच्या वेळी कोणी काही देतो म्हटलं की हार घालायच्या आधी विचारा, तीन वर्षांचा मेंटेनन्स लिहून देता का? नाही म्हणाले तर नको म्हणायची मुभा शाळेला आहे.

क्लबाच्या ट्रस्टला ५,००० रोख दिले तर टॅक्समध्ये सूट मिळेल का? – पुणे

नाही. २,००० च्या वर रोख चालत नाही, चेक किंवा यूपीआयने द्या. ट्रस्टला त्याची मान्यता (आपण सगळे ८०जी म्हणतो ती) आहे का बघा, आणि तुम्ही नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर ही सूट तशीही नाही.

आईने लायन्सच्या कार्यक्रमात नेत्रदानाचा फॉर्म भरलाय. तिला शुगर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय. चालेल का? – एक वाचक, अकोला

चालतं, चष्मा असला तरी चालतं. एड्स, कावीळ बी-सी, रेबीज, रक्ताचा कॅन्सर असं काही असेल तर घेत नाहीत. लायन्सचं आणि डोळ्यांचं नातं जुनं, १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलरनी त्यांना अंधांसाठी काम करा म्हणून सांगितलं तेव्हापासूनचं, त्यामुळे फॉर्म तेच जास्त भरून घेतात. पण फॉर्म नुसता कागद आहे, त्या वेळी घरच्यांनी हो म्हणायला लागतं आणि फॉर्म नसला तरी घरचे हो म्हणू शकतात. म्हणून भावंडांना, सुनांना आत्ताच सांगून ठेवा.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं, म्हणून डॉक्टरांच्या दाखल्याबरोबरच नेत्रपेढीला फोन. तोपर्यंत पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. टीम घरी येते, काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा खराब होत नाही. नंबर फॉर्मवर असतो पण फॉर्म त्या दिवशी सापडत नाही, तेव्हा आजच घरातल्या तिघा-चौघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा.