आधी झोप, मग काकडी

ताई, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी एकदम पाच-सहा लेप सुरू करू नकोस. पहिल्यांदा रात्रीची 7-8 तास झोप आणि डोळे चोळणं बंद. चोळचोळूनही तिथली पातळ कातडी काळवंडते. लिंबू, सोडा, टूथपेस्ट डोळ्यांजवळ नकोच. आग होईल आणि डाग वाढेल.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. दुपारी गाडीवर निघालीस तर स्कार्फ बांध, गॉगल लाव. हे बहुतेकजणी विसरतात!

सकाळी सूज असेल तर:
- माठाच्या पाण्यात पिळलेला सुती रुमाल डोळ्यांवर 10 मिनिटं ठेव.
- काकडीचंही काम तेवढंच, थंडावा.

सारखा थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. आईलाही अशीच वर्तुळं असतील तर पूर्ण जाणं अवघड, थोडी फिकी होतील. बदामतेल लावायचं का, ते नंतर बघू.