बालकॅन्सरच्या संशोधनाचा निधी वाटताना पालकांचं तिथे काय काम?

तुम्ही विचारलंय की निधी कुठे द्यायचा हे तज्ज्ञांना कळतं, मग समितीवर आईवडील कशाला, भावनेच्या भरात चुकीच्या कामाला पैसे जात नाहीत का.

अगदी हेच माझा मावसभाऊ आमच्याकडे जेवताना म्हणाला होता. तो पुण्यात संशोधक आहे. "ताई, तुम्ही पैसे जमवा, विज्ञान आमच्यावर सोडा." म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेकीला एएलएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, झाला होता. मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात, दर महिन्याला पाच दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्याने भूक भडकते. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. रात्री तीनला उठून वरणभात मागायची, ताट रिकामं व्हायच्या आत पुन्हा भूक, आणि मध्येच हमसून रडायची. उपचार संपल्यावर मी एका संस्थेच्या निधी समितीवर पालक म्हणून गेले. एका अर्जाला बाहेरच्या परीक्षकांनी भरभरून गुण दिले होते. मुलांच्या मणक्यातल्या पाण्याचे जादा नमुने हवे होते. म्हणजे भूल, म्हणजे आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि तारखा पाहिल्या तर नेमका स्टेरॉइडचा आठवडा! एकाही तज्ज्ञाला ते खटकलं नव्हतं. मी विचारलं, त्या पोराला सकाळपर्यंत उपाशी कोण ठेवणार? दुसऱ्या वेळी आईबाप नाही म्हणतील, मग नमुने आणणार कुठून? शेवटी, उपचारात आधीच ठरलेल्या लंबर पंक्चरच्या, म्हणजे मणक्यातलं पाणी काढण्याच्या, वेळीच नमुने घ्यायच्या अटीवर पैसे मंजूर झाले. यात भावना कुठे आली? अभ्यास अर्ध्यात बंद पडू नये, एवढंच मी पाहिलं.

पद्धत बरोबर आहे का, आकडे पुरेसे आहेत का, हे काम आधी कुणी केलंय का, हे तज्ज्ञांनीच बघावं. त्यात मी बोलत नाही. पण कुठला प्रश्न आधी हाती घ्यायचा, यात घरच्यांचं मत लागतंच. इथे जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम २००४ पासून रुग्ण, कुटुंबं आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे असे प्रश्न ठरवतो. बालकॅन्सरच्या यादीसाठी मुलांनाही विचारलं होतं. पहिला प्रश्न आला तो परिणामकारक पण कमी त्रासाच्या उपचारांचा. हॉस्पिटलमधलं राहणं, तिथलं जेवण, हेही यादीत आहे. ते प्रयोगशाळेत बसून कुणाला सुचलं असतं?

अमेरिकेत मेंदूच्या कॅन्सरने गेलेल्या गॅब्रिएला मिलर या दहा वर्षांच्या मुलीच्या नावाचा कायदा २०१४ मध्ये झाला, मुलांच्या आजारांवरच्या संशोधनासाठी, दहा वर्षांत १२ कोटी ६० लाख डॉलर्सचा. तो कुटुंबांनी रेटला. प्रकल्प मात्र तिथली राष्ट्रीय आरोग्य संस्था निवडते. मला हीच वाटणी योग्य वाटते.

आता एक सांगायला हवं. एएलएलमधून इथे दहातली नऊ मुलं बरी होतात, म्हणून 'त्रास कमी करा' म्हणणं मला परवडतं. डीआयपीजी या मेंदूच्या जवळपास असाध्य कॅन्सरच्या मुलांचे आईवडील आधी जगवा म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. शिवाय प्रत्येक पालक आपल्या मुलाच्या आजाराकडे झुकतो, मीही. त्यामुळे समितीवर एकच पालक असेल तर ते चुकीचं आहे, निदान तीनचार तरी हवेत, वेगवेगळ्या आजारांचे. आणि त्यांना मत देण्याचा हक्क हवा, नुसती खुर्ची नको. देणगी देण्याआधी संस्थेला हे विचारा. माझ्या भावाच्या संस्थेतही विचारा. तिथे एकही पालक नाही.