उजवीकडची ती उभी रेघ

प्रश्न : मॅटप्लॉटलिबवर (पायथनमधली आलेख काढायची प्रसिद्ध लायब्ररी) बेतलेली आलेखांची एक छोटी पायथन लायब्ररी आम्ही दोघं सांभाळतो. एकाने हिस्टोग्रामसाठी (आकडे गटांत मोजून दाखवणाऱ्या आलेखासाठी) नवा पर्याय लिहून पाठवलाय : 'स्टेप' प्रकारातली (यात पट्ट्यांऐवजी फक्त पायऱ्यांची बाह्यरेषा असते) शेवटी शून्यावर उतरणारी उभी रेघ काढून टाकायचा. सोबत चाचण्याही आहेत. घ्यावा का?

उत्तर : तक्रार खरी आहे, पर्याय मात्र घेऊ नका. संचयी हिस्टोग्राममध्ये (जिथे प्रत्येक गटात आधीच्या सगळ्यांची बेरीज धरतात) ही रेघ फार खुपते. पायऱ्या चढत समजा २०० पर्यंत जातात आणि शेवटच्या कडेला धाडकन शून्यावर येतात. मॅटप्लॉटलिब ही बाह्यरेषा बहुभुज म्हणून काढतं, म्हणून असं होतं. लेजंडमध्ये (आलेखाच्या खुणांच्या सूचीत) रेघेऐवजी चौकोन दिसतो तोही त्यामुळेच.

पण यावर उपाय मॅटप्लॉटलिबमध्येच आवृत्ती ३.४ पासून आहे. नमपाय या गणिती लायब्ररीच्या हिस्टोग्राम फंक्शनने प्रत्येक गटाचे आकडे आणि गटांच्या कडा काढा, ते मॅटप्लॉटलिबच्या 'स्टेअर्स' फंक्शनला द्या आणि 'बेसलाइन' (तळरेषा) नन, म्हणजे रिकामी, ठेवा. दोन ओळींचं काम. यात डावीकडची चढती रेघही जाते. ती हवी असेल तर आकड्यांच्या आधी एक ० घाला आणि पहिली कड दोनदा लिहा. जुन्या 'स्टेप' फंक्शनने करायला गेलात तर त्रुटी येईल, कारण कडा आकड्यांपेक्षा एकने जास्त असतात. गटच नको असतील तर ३.८ पासून 'ईसीडीएफ' आहे : गट न पाडता संचयी आलेख काढणारं फंक्शन. तिथे उभ्या अक्षावर संख्या नसून प्रमाण येतं, एवढं ध्यानात ठेवा.

चाचण्या पाठवल्यात हे छान, पण त्या पर्यायांच्या किती जुळण्या तपासतात ते पाहा. हिस्टोग्रामचे चार प्रकार, दोन दिशा, शिवाय लॉग, संचयी आणि स्टॅक (एकावर एक रचणं) हे प्रत्येकी हो-नाही : ६४ जुळण्या. एक हो-नाही वाढला की १२८. त्यातही 'बार' प्रकारात हा पर्याय मुकाट्याने काहीच करणार नाही. पट्टीची रुंदी ठरवणाऱ्या 'आरविड्थ'चं तेच झालंय : स्टेपमध्ये तो दुर्लक्षित होतो आणि माणूस आकडे बदलत बसतो. मॅटप्लॉटलिबच्या मूळ 'हिस्ट' फंक्शनला विदेखेरीज १४ नावाचे पर्याय आधीच आहेत.

हो म्हणण्याजोगी मागणी वेगळी दिसते. ३.१० मध्ये 'हॅच' (पट्टीतलं रेषांचं नक्षीकाम), रेषेची जाडी वगैरेंना प्रत्येक विदासंचासाठी वेगळी किंमत देता येऊ लागली. नवं नाव एकही नाही, जुन्याच नावांना यादी चालू लागली. कृष्णधवल छपाईसाठी पट्ट्या वेगळ्या दाखवायला आधी प्रत्येक पट्टीवर लूप फिरवावा लागे.

पाठवणाऱ्याला नुसता नकार कळवू नका. तीच दोन ओळींची कृती तुमच्या उदाहरणांच्या पानावर त्याच्याकडूनच लिहून घ्या.