वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या खेड्यात पायी फिरताना

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे आहोत. मे महिन्यात इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात आठवडाभर मुक्काम आहे. रोज दोन-तीन तास चालायची सवय आहे, पण चढ झेपत नाहीत. एखादी सोपी वाट सुचवाल का?

उत्तर : बोर्टन-ऑन-द-वॉटरपासून लोअर स्लॉटर आणि तिथून अपर स्लॉटर. आल्या वाटेनेच परत फिरलात तर सगळं मिळून साधारण आठ किलोमीटर होतात. चढ जवळजवळ नाहीच. ही वाट वॉर्डन्स वे या लांबच्या पायवाटेचा एक तुकडा आहे, त्यामुळे खुणा भरपूर. बोर्टनमधून निघाल्यावर फॉस वे हा जुना रोमन रस्ता, म्हणजे आजचा ए-४२९, ओलांडावा लागतो. गाड्या वेगाने येतात. अख्ख्या वाटेवर खरी काळजी घ्यायची जागा ही एवढीच. पलीकडे लोअर स्लॉटरपर्यंत पायाखालची जमीन चांगली आहे. गावात आय नदीच्या काठाकाठाने जुन्या गिरणीपर्यंत जायचं, आणि गिरणीच्या मागून कुरणांतली वाट धरायची. हा पुढचा भाग पावसानंतर ओला असतो. स्लॉटर हे नाव कत्तलीवरून आलेलं नाही बरं का; जुन्या इंग्रजीत चिखलाच्या, पाणथळ जागेला जो शब्द होता त्यावरून ते आलं. म्हणजे बूट कोणते घालायचे ते गावानेच सांगून ठेवलंय.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करतात. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने तो 1892 साली मांडला. आजच्या मापात सांगायचं तर तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. पण हा धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा वेग झाला. फाटकं, फोटो आणि ओली जमीन धरून तुम्ही तासाला तीन किलोमीटर मोजा. म्हणजे पावणेतीन तास चालणं, वर बसण्या-खाण्याचा वेळ. पाणी बोर्टनमध्येच भरून घ्या.

प्रश्न : मुलाच्या घराजवळची पायवाट सरळ एका शेतात शिरते. कुणाच्या उभ्या पिकातून चालायचं म्हणजे जिवावर येतं. शेतकऱ्याने हटकलं तर?

उत्तर : वाट सार्वजनिक असेल तर तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. जमीन त्याची, पण त्या पट्टीवरून ये-जा करण्याचा हक्क सगळ्यांचा. प्रश्न एवढाच की ती वाट खरोखर सार्वजनिक आहे का, आणि ते नकाशा सांगतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा नारिंगी वेष्टनातला ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या. कॉट्सवोल्ड्सच्या या भागासाठी त्याचा क्रमांक ओएल-४५ आहे. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. गुलाबी वेष्टनातला ‘लँडरेंजर’ स्वस्तात मिळाला तरी नको, कारण त्यात शेतांची कुंपणं दाखवलेली नसतात. चालताना आपण मोजतो ती कुंपणंच : ‘तिसरं कुंपण ओलांडलं की डावीकडे.’ एक्सप्लोररवर आखूड हिरव्या रेघांची तुटक ओळ म्हणजे फुटपाथ, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. लांब हिरव्या रेघा म्हणजे ब्रायडलवे. तिथे घोडे आणि सायकलीही येतात, पण सायकलवाल्याने तुम्हाला वाट द्यायची असते. नुसती काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट दिसते इतकंच, त्यावरून हक्क सिद्ध होत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. फोनवरचे नेहमीचे नकाशे तर हा फरक दाखवतच नाहीत. प्रत्यक्ष वाटेवर खांबावर बाण असतात : फुटपाथला पिवळा, ब्रायडलवेला निळा. बाण ज्या दिशेला असेल त्याच दिशेला, शेताच्या पार कडेपर्यंत नजर टाका. पुढचं फाटक दिसलं की त्याच्यावर नजर ठेवून चाला.

पिकाचं म्हणाल, तर शेताच्या मधून जाणारा फुटपाथ नांगरायची शेतकऱ्याला मुभा आहे. मात्र पेरणीसाठी पहिल्यांदा जमीन उकरली की 14 दिवसांत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कामानंतर 24 तासांत, त्याने वाट पुन्हा स्पष्ट करून द्यायची असते. मधून जाणाऱ्या वाटेची रुंदी किमान एक मीटर. शेताच्या कडेने जाणारी वाट नांगरताच येत नाही. वाट बुजलेली असेल तर नकाशावरच्या रेषेवरूनच, एकामागे एक चाला. पीक वाचवायच्या भल्या हेतूने बांधाने वळसा घातलात तर उलट हक्काबाहेर पाऊल पडतं! तरी मे महिन्यात मोहरीसारखं पिवळं रेपसीड छातीपर्यंत वाढलेलं असतं, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्यातून बाहेर पडेपर्यंत माणूस कमरेपर्यंत भिजतो. अशा वेळी दुसरी वाट धरणं शहाणपणाचं. बुजलेल्या वाटेची तक्रार काउंटी कौन्सिलच्या पायवाटा सांभाळणाऱ्या विभागाकडे करायची. फोटो आणि नकाशावरच्या चौकटींवरून वाचलेला जागेचा सहा आकडी संदर्भ दिलात तर त्यांना 100 मीटरच्या आत जागा सापडते.

प्रश्न : वाटेवर गाई होत्या, आम्ही परत फिरलो. घाबरायचं कारण होतं का?

उत्तर : परत फिरलात त्यात काही चुकलं नाही. सोबत वासरं असतील तर गाय आक्रमक होऊ शकते, आणि सोबत कुत्रा असेल तर जास्तच. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. लांबून वळसा घेऊन पुढे वाटेला लागलात तर चालतं. नुसती तरुण खोंडं धावत जवळ आली तर ती बहुधा कुतूहलाने. थांबा, त्यांच्याकडे तोंड करा, हात पसरा, मग शांतपणे चालू लागा. पळू मात्र नका. कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्याच, तर पट्टा सोडून द्या. कुत्रा निसटतो, आणि गाईंचा रोख त्याच्यावर असतो, तुमच्यावर नाही.

वळूबद्दल 1981 चा कायदा आहे. फ्रीजियन, जर्सी, गर्न्सी अशा ठरावीक दुधाळ जातींचा दहा महिन्यांपेक्षा मोठा वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात मोकळा ठेवता येत नाही. इतर जातींचा चालतो, पण सोबत गाई किंवा कालवडी हव्यात.

घरात कुणी गरोदर असेल तर मेंढ्या वितात त्या दिवसांत त्यांनी मेंढ्या-कोकरांच्या जवळ जाऊ नये. काही संसर्ग गर्भाला धोकादायक ठरतात.

प्रश्न : फाटक चढून जावं की उघडून?

उत्तर : उघडून. आणि जसं होतं तसंच ठेवा : बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं फाटक बऱ्याचदा जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं. कुलूपच असेल तर बिजागरीच्या बाजूने चढा. कडीच्या बाजूने चढलं की वजनाने फाटक झुकतं आणि पुढे कडी बसेनाशी होते. स्टाइल, म्हणजे कुंपणावर बसवलेल्या लाकडी पायऱ्या, ओल्या असल्या की निसरड्या होतात. गुडघे दुखत असतील तर त्या टाळणारी वाट आधीच शोधा. झुलत्या दाराचं किसिंग गेट मात्र सोपं. आत शिरा, दार आपल्यामागे ढकला, बाहेर पडा. पाठीवर मोठी पिशवी असेल तर ती आधी काढून हातात घ्या.

प्रश्न : बूट की गमबूट? आणि कोणता महिना चांगला?

उत्तर : घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट. गमबुटात पाय कोरडा राहतो, पण आत टाच सरकते आणि दोन तासांत फोड येतो. मे-जूनमध्ये साडेआठनंतरही उजेड असतो. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून जेवून निघू म्हणालात तर परतताना अंधार ठरलेलाच. गावच्या पबमध्ये जेवायचा बेत असेल तर आधी फोन करा, बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद होतं. बसचंही तसंच, रविवारचं वेळापत्रक वेगळं बघा.

प्रश्न : गवतातून गेल्यावर गोचीड चिकटली तर काय करायचं?

उत्तर : बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ वर, हळूहळू ओढा. पिळू नका, तेल लावू नका, जाळू नका. मग जागा साबणाने धुवा. पुढचे काही आठवडे तिथे पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला किंवा ताप, अंगदुखी वाटली तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगावर वेळेत अँटिबायोटिक मिळणं महत्त्वाचं. पँट मोज्यात खोचली तर गोचीड सहसा कातडीपर्यंत पोचत नाही, आणि कडेच्या नेटल या खाजऱ्या झुडपाची आगही चुकते.